भयाचे वय : कुमारांच्या रहस्यमालिका आणि योग्यतेचा निकष

बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती एखादी रहस्यकथा पडली, तो ती रात्री उशिरापर्यंत वाचू लागला, आणि तिच्यात प्रेत, स्मशान किंवा सुरा आढळला, की घरातील वडील मंडळींसमोर एक प्रश्न उभा राहतो. हे पुस्तक या वयाला योग्य आहे काय? प्रश्न जुना आहे आणि अगत्याचाही आहे. परंतु त्याचे उत्तर देण्याची प्रचलित रीत मात्र विचारांती समाधानकारक वाटत नाही. कथेत किती खून झाले, रक्त किती सांडले, भूत खरे निघाले की खोटे, याची मोजदाद करून निर्णय दिला जातो. बालवाङ्मयाच्या समीक्षेनेही बहुधा हीच मोजदाद अधिक भारदस्त शब्दांत केली आहे. पुस्तक एकटे नसून मालिकेतील एक असले, तर प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. कारण मालिका वाचकाला एक अनुभव देऊन थांबत नाही, ती त्याला सवय लावते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाला दोन निरनिराळ्या दिशांनी उत्तरे शोधली गेली. एक उत्तर कायद्याने दिले. दुसरे एका लेखकाने स्वतःवर मर्यादा घालून घेऊन दिले. ही दोन्ही उत्तरे एकमेकांशेजारी ठेवून पाहिली, म्हणजे योग्यतेचा निकष नेमका कोठे शोधावा याविषयी काही निश्चित बोलता येईल.

* * *

मुलांना भयकथेपासून वाचविण्याची चिंता एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्येच दिसते. एका पेनीस मिळणाऱ्या थरारक पुस्तिकांना उतारा म्हणून तेथील एका धार्मिक प्रकाशनसंस्थेने १८७९ साली ‘बॉईज ओन पेपर’ हे साप्ताहिक सुरू केले. त्या काळी चांगल्या साहसकथेने वाईट साहसकथेला हटवावे, असा मार्ग निवडला गेला. पाऊणशे वर्षांनंतर अमेरिकेत मार्ग बदलला. फ्रेड्रिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाचा ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हा ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला. गुन्हेगारी आणि भय यांवर पोसलेल्या चित्रकथा कोवळ्या वयात हिंसेचे बीज पेरतात, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याच वर्षी अमेरिकन सिनेटच्या उपसमितीने या विषयावर साक्षी घेतल्या. भयचित्रकथांचे प्रकाशक विल्यम गेन्स यांना त्यांच्याच एका मासिकाचे मुखपृष्ठ दाखविण्यात आले. त्यावर तुटलेले स्त्रीमस्तक हाती धरलेला पुरुष होता. हे सुरुचीला धरून आहे काय, असे विचारले असता भयचित्रकथेचे मुखपृष्ठ म्हणून ते सुरुचीला धरूनच आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. त्या उत्तराने त्यांच्या बाजूची मोठी हानी झाली.

वर्षअखेरीपूर्वीच प्रकाशकांच्या संघटनेने स्वतःहून एक नियमावली स्वीकारली. मासिकाच्या नावात ‘हॉरर’ किंवा ‘टेरर’ हे शब्द नकोत. रक्तपिपासू पिशाच्चे, चालती प्रेते, लांडग्याचे रूप घेणारी माणसे नकोत, अशी ती यादी होती. गेन्स यांची भयमासिके बंद पडली. ही नियमावली पुढे सैल होत होत २०११ साली पूर्णपणे लयाला गेली. वर्थम यांची कागदपत्रे संशोधकांना खुली झाल्यावर कॅरल टिली यांनी २०१२ साली दाखवून दिले की, मुलांच्या म्हणून दिलेल्या अनेक साक्षींत त्यांनी फेरफार केला होता, काही ठिकाणी अनेक मुलांचे बोल एकाच्या तोंडी घातले होते आणि सोयीचे नसलेले तपशील गाळले होते.

यावरून वर्थम हे केवळ संकुचित वृत्तीचे गृहस्थ होते असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील गरीब कृष्णवर्णीयांसाठी त्यांनी मानसोपचाराचे केंद्र चालविले होते, आणि शाळांतील वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यातही त्यांच्या साक्षीचा उपयोग झाला. मुलांविषयीची त्यांची कळकळ खरी होती. त्यांचा दोष असा की, मूल कथेचे काय करते हे पाहण्याऐवजी कथा मुलाचे काय करते हे त्यांनी आधीच ठरवून टाकले होते.

या वादाचे पडसाद भारतातही उमटले. ब्रिटिश पार्लमेंटने १९५५ साली कायदा केला. पाठोपाठ भारतीय संसदेने १९५६ साली तरुण व्यक्तींस हानिकारक ठरणाऱ्या प्रकाशनांसंबंधीचा अधिनियम संमत केला. दोन्हींतील व्याख्या जवळजवळ सारखी आहे. गुन्हे, हिंसा किंवा क्रौर्य, आणि किळसवाणे अथवा भीषण प्रसंग यांचे संपूर्णतः वा मुख्यतः चित्रण करणारे, आणि एकंदरीने तरुण वाचकाला भ्रष्ट करू शकेल असे प्रकाशन हानिकारक ठरते. तथापि दोन फरक ध्यानात घेण्याजोगे आहेत. ब्रिटिश कायद्याचा रोख चित्रकथांवर होता. भारतीय कायद्याने चित्रांच्या साहाय्याने सांगितलेल्या कथांबरोबर चित्रांवाचून सांगितलेल्या कथाही कक्षेत घेतल्या. दुसरे असे की, तरुण व्यक्ती म्हणजे वीस वर्षांखालील व्यक्ती असे आपल्या कायद्याने मानले. विक्री वा प्रकाशन करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद झाली, आणि राज्याच्या प्रमुख विधि-अधिकाऱ्याचा सल्ला घेऊन प्रती जप्त करण्याचा अधिकार राज्य सरकारांना मिळाला.

या व्याख्येत एक गोष्ट प्रशंसनीय आहे : ती प्रकाशनाचा विचार एकंदरीने करावयास सांगते, एखादे पान फाडून न्याय करावयास सांगत नाही. परंतु तिच्या मर्यादाही त्याच वाक्यात दडलेल्या आहेत. आठ वर्षांचे मूल आणि एकोणीस वर्षांचा महाविद्यालयीन विद्यार्थी तिने एकाच मापात बसविले. शिवाय कायद्याच्या दृष्टीने प्रकाशन हा घटक आहे, मालिका नव्हे. पंधरा निरुपद्रवी पुस्तके मिळून वाचकाच्या मनात एखादी उपद्रवी सवय रुजवू शकतात, किंवा एका पुस्तकातील अंगावर येणारा प्रसंग पुढच्या पुस्तकात उलगडून वाचकाला बळ देऊ शकतो, हे ओळखण्याचे साधन कायद्यापाशी नाही. ते साधन असलेच तर वाङ्मयापाशी आहे.

* * *

कायदा होण्यापूर्वीपासूनच भारतीय भाषांत रहस्यमालिका भरघोस वाढल्या होत्या. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार आणि काळापहाड यांच्या कथांनी हजाराहून अधिक पुस्तकांचा संसार उभा केला. त्या कथा मुलांसाठी लिहिलेल्या नव्हत्या, पण मुलांनी त्या वाचल्या. मुलांसाठी म्हणून साहस आणि रहस्य लिहिण्याचा प्रयत्न भा. रा. भागवतांनी केला, त्यांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे, स्वतःच शाळकरी मुलगा आहे, आणि भीतीला सामोरे जाताना त्याची धांदल वाचकाला आपलीशी वाटते. बंगालीत ही परंपरा अधिक जुनी आहे. हेमेंद्रकुमार रायांनी ‘मौचाक’ या मुलांच्या मासिकातून ‘यखेर धन’सारख्या कथा लिहिल्या, देव साहित्य कुटीरने ‘प्रहेलिका’ आणि ‘कांचनजंघा’ अशा मालिकाच कुमारांसाठी चालविल्या. दुसऱ्या बाजूला शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा व्योमकेश १९३२ पासून प्रौढांसाठी सत्याचा शोध घेत होता, आणि त्याच्या गुन्ह्यांच्या मुळाशी वारंवार काम, मत्सर आणि वारसाहक्क असत.

या पार्श्वभूमीवर सत्यजित राय यांच्या फेलुदाचा विचार करावा लागतो. राय यांचे आजोबा उपेंद्रकिशोर यांनी १९१३ साली काढलेले ‘संदेश’ हे मुलांचे मासिक बंद पडले होते. राय आणि कवी सुभाष मुखोपाध्याय यांनी १९६१ साली त्याचे पुनरुज्जीवन केले. त्याच मासिकात १९६५ च्या अखेरीस ‘फेलुदार गोयेंदागिरी’ ही पहिली कथा येऊ लागली. प्रदोष मित्र ऊर्फ फेलुदा हा सत्तावीस वर्षांचा तरुण, आणि त्याची हकिकत सांगणारा त्याचा तेरा-चौदा वर्षांचा चुलतभाऊ तपेश ऊर्फ तोपशे. १९९२ साली राय निवर्तले तोवर पस्तीस कथा पूर्ण झाल्या होत्या.

कुमारवाचकांसाठी हेरकथा लिहिणे कठीण का, हे राय यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. अवैध प्रेमसंबंध नकोत, वासनेतून घडलेले गुन्हे नकोत, हिंसा असलीच तर अल्प, अशा बंधनात राहून रहस्य उभे करावयाचे होते. हे बंधन कोणत्याही कायद्याने घातलेले नव्हते. व्योमकेशाची ‘चिड़ियाखाना’ ही कादंबरी राय यांनी १९६७ साली पडद्यावर आणली. म्हणजे प्रौढांच्या रहस्यकथेचे जग त्यांना परके नव्हते. फेलुदाच्या वेळी त्यांनी ते जाणीवपूर्वक बाजूला ठेवले.

याहूनही लक्षणीय गोष्ट पुढे घडली. १९७० च्या ‘गंगटोके गंडगोल’पासून फेलुदाच्या दीर्घ कथा ‘देश’ या साहित्यिक नियतकालिकाच्या पूजा-अंकात येऊ लागल्या. हा अंक मोठ्यांचा. दिवाळी अंक मराठी घरात जसा आजोबांपासून नातवापर्यंत फिरतो, तसा पूजा-अंक बंगाली घरात फिरतो. वाचकवर्ग असा विस्तारला असताना बंधन सैल करण्याचा मोह कोणालाही झाला असता. राय यांनी ते सैल केले नाही. तरीही मोठ्यांनी त्या कथा मुलांइतक्याच आवडीने वाचल्या. एकाच घरात बाप आणि मुलगा तीच कथा वाचीत असतील, तर योग्यतेचा प्रश्न चौकीदारीचा उरत नाही, तो संभाषणाचा विषय होतो. पुस्तक मुलाच्या उशीखाली लपलेले आहे की घराच्या मध्यभागी पडलेले आहे, यावर त्यातील भीतीचा परिणाम पुष्कळ अंशी अवलंबून असतो.

* * *

बंधने पाळली म्हणून फेलुदाच्या कथा निर्भय झाल्या आहेत, असे मात्र नाही. येथे भरताच्या नाट्यशास्त्रातील एका भेदाचे साहाय्य घेता येते. भयानक रसाचे तीन प्रकार भरताने सांगितले आहेत : व्याजाने, म्हणजे सोंगाने वा कपटाने निर्माण झालेले भय, अपराधातून उद्भवलेले भय, आणि प्रत्यक्ष वित्रासाने, म्हणजे घाबरविल्याने झालेले भय. कुमारांच्या भयकथेला हा भेद जितका उपयोगी पडतो, तितकी प्रेतांची मोजदाद पडत नाही.

व्याजभय हा रहस्यकथेचा स्वाभाविक प्रांत आहे. ‘जय बाबा फेलुनाथ’ (१९७५) या काशीत घडणाऱ्या कथेत घाटावर अवतरलेला मछलीबाबा भाविकांना भारून टाकतो, आणि तो भोंदू असल्याचे उघडकीस येते. असे भय उलगडले की वाचक मोकळा होतो, आणि पुढच्या वेळी सोंग ओळखण्याची त्याची शक्ती वाढते. अपराधभय अधिक खोल आहे. त्यात गुन्हेगारच भ्यालेला असतो, आणि त्याचे भ्यालेपण पाहून अपराध आणि भीती यांचे नाते वाचकाला कळते. या दोन प्रकारांच्या बाबतीत बारा वर्षांच्या वाचकाला दूर ठेवण्याचे काही कारण दिसत नाही.

खरी कसोटी तिसऱ्या प्रकाराची. त्याच कथेत मगनलाल मेघराज हा धनाढ्य गुन्हेगार फेलुदाला आपल्या घरी बोलावून घेतो आणि त्याचा धाक बसावा म्हणून त्याचे स्नेही लालमोहन गांगुली यांना एका फळीसमोर उभे करून म्हाताऱ्या सुरेफेक्याकडून त्यांच्या देहाभोवती सुरे फेकवितो. रक्ताचा थेंबही सांडत नाही. मोजदाद करणाऱ्याला या प्रसंगात आक्षेपार्ह काही सापडणार नाही. आणि तरीही संपूर्ण मालिकेतील सर्वांत भयंकर प्रसंग कोणता असे विचारले, तर पुष्कळ वाचक हाच प्रसंग सांगतील. कारण त्यातील क्रौर्य शरीरापेक्षा मानाला लागणारे आहे.

हा प्रसंग कुमाराला सोसवतो, तो त्याच्या रचनेमुळे. सुऱ्यांसमोर उभा आहे तो प्रौढ माणूस. वाचकाच्या वयाचा तोपशे बाजूला बसून पाहतो आहे, आणि तोच ही हकिकत सांगतो आहे. म्हणजे हा मुलगा त्यातून सुखरूप बाहेर आला, एवढे आश्वासन कथनाच्या रीतीतच आहे. अभिनवगुप्ताच्या परिभाषेत बोलावयाचे तर भय येथे साधारणीकृत होते. वाचकाच्या स्वतःच्या अंथरुणाभोवती ते घोटाळत राहत नाही. आणि प्रसंग येथे संपतही नाही. अपमानाचा बदला घेतला नाही तर हेरगिरी सोडून देईन, असा निश्चय फेलुदा करतो. भीतीचे रूपांतर अन्यायाच्या जाणिवेत होते. मोठी माणसेही घाबरतात, घाबरल्याने ती लहान होत नाहीत, आणि दुसऱ्याला घाबरविणारा माणूस मात्र लहान ठरतो, हे त्या वयात कळणे मोलाचे आहे.

भयाचे ज्ञानात रूपांतर होण्याची आणखी उदाहरणे मालिकेत आहेत. ‘गोरस्थाने सावधान’ (१९७७) मध्ये कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवरील जुन्या दफनभूमीची भीती हळूहळू कंपनीकाळातील कलकत्त्याच्या इतिहासाकडे वाट काढते. ‘कैलासे केलेंकारि’ (१९७३) ही कथा तर महाराष्ट्रात, वेरूळच्या लेण्यांत, येऊन पोहोचते. तीत विमान-अपघात आहे, मृत्यू आहे, काळोखी लेणी आहेत. पण वाचकाच्या मनात शेवटी राहते ती मूर्तींची शिरे तोडून परदेशी विकणाऱ्या टोळीविषयीची चीड. पुरावस्तूंच्या निर्यातीस आळा घालणारा कायदा संसदेने त्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ साली, केला होता. मूर्तिचोरी हा खुनाइतकाच गंभीर गुन्हा आहे, हे एखाद्या तेरा वर्षांच्या वाचकाला अधिनियमापेक्षा या कथेनेच अधिक पटविले असेल. अशोक जैन यांच्या अनुवादांमुळे या मालिकेचा लाभ मराठी कुमारांनाही झाला आहे.

* * *

राय यांनी योग्यतेचा प्रश्न कथेबाहेर ठेवला नाही, ही या मालिकेची सर्वांत विचार करण्याजोगी बाजू आहे. १९७१ च्या ‘सोनार केल्ला’त लालमोहन गांगुली प्रथम भेटतात. ते ‘जटायू’ या टोपणनावाने भडक साहसकथा लिहितात आणि त्यांची पुस्तके धडाक्याने खपतात. त्यांत तथ्यांच्या चुका असतात. उंटाविषयीची त्यांची समजूत फेलुदा पहिल्याच प्रवासात दुरुस्त करतो. म्हणजे मालिकेतच एक समीक्षक आणि एक भडक लेखक शेजारी बसलेले आहेत, आणि त्यांची मैत्री आहे. ‘बोम्बाइयेर बोम्बेटे’ (१९७६) मध्ये जटायूंच्या कादंबरीवर मुंबईत हिंदी चित्रपट निघतो, आणि मारामारीची मागणी कोठून येते व कोणासाठी येते, याकडे वाचक हसतहसत पाहू लागतो.

‘जय बाबा फेलुनाथ’मध्ये तर अशा कथा वाचणारे मूलच पात्र झाले आहे. साहसकथांच्या नादाने स्वतःला कॅप्टन स्पार्क म्हणवून घेणारा रुकू बहुमोल गणेशमूर्ती चोरांच्या हाती लागू नये म्हणून दुर्गेच्या सिंहाच्या मुखात दडविण्याच्या खेळात सामील असतो. वर्थम यांच्या मते असल्या वाचनाने मूल गुन्ह्याकडे वळते. रुकू त्याच वाचनाच्या बळावर ठेव राखू पाहतो. मात्र राय त्याला संपूर्ण यश देत नाहीत. त्याच घरात मूर्ती रंगविणाऱ्या वृद्ध कारागिराचा खून होतो. कथांचे जग आणि खरे जग यांतील अंतर रुकूला कळण्याआधी ते वाचकाला कळते.

* * *

या मालिकेवरील आक्षेपही दृष्टिआड करता येत नाहीत. वासनेतून घडणारे गुन्हे वर्ज्य करताना राय यांच्या हातून जवळजवळ सगळा स्त्रीवर्गच वर्ज्य झाला. पस्तीस कथांत लक्षात राहील अशी स्त्री क्वचितच आढळते. सोज्ज्वळतेसाठी अर्ध्या मानवजातीला उंबऱ्याबाहेर ठेवावे लागत असेल, तर ती सोज्ज्वळता महाग पडली असे म्हणणे भाग आहे. तेरा वर्षांच्या मुलीने ही मालिका वाचली, तर ती कोणाच्या जागी स्वतःला पाहील? ‘या कथांत भिण्यासारखे काय आहे’ यापेक्षा हा प्रश्न योग्यतेच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे, आणि कोणत्याही नियमावलीने तो कधी विचारलेला नाही. दुसरे असे की, उत्तरकाळातील काही कथांत साचा उघडा पडतो. भय येणार आणि ओसरणार हे वाचकाला आधीच ठाऊक असते. मालिकेचा हा स्वभावधर्म आहे. अशा वेळी ती अपायकारक होत नाही. मात्र तिने आपल्या वाचकाला जेथवर आणावयाचे होते तेथवर आणलेले असते.

अमेरिकेत हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. ॲल्विन श्वार्ट्झ यांच्या अंधारात सांगण्याच्या भयकथांची तीन पुस्तके १९९० ते १९९९ या दशकात तेथील ग्रंथालय संघटनेच्या यादीत सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांच्या अग्रभागी होती, आर. एल. स्टाइन यांची १९९२ साली सुरू झालेली ‘गूजबंप्स’ मालिकाही त्या यादीत होती. श्वार्ट्झ यांच्या पुस्तकांतील लोककथांपेक्षा स्टीफन गॅमेल यांची चित्रे अधिक भयावह मानली जात. नव्या आवृत्तीत सौम्य चित्रे घालण्यात आली, तेव्हा लहानपणी ती चित्रे पाहून घाबरलेल्या वाचकांनीच हळहळ व्यक्त केली, आणि पुढे मूळ चित्रे परत आली. ज्यांच्या रक्षणासाठी आक्षेप घेतले गेले, त्यांनी मोठेपणी दिलेली ही साक्ष आहे. तीही अंतिम मानू नये, कारण ज्याला ते भय खरोखरच बाधले तो वाचक साक्षीला येतोच असे नाही. पण ती ऐकल्यावाचून निर्णय देणेही उचित नव्हे.

एकंदरीने पाहता, कुमारांच्या रहस्यमालिकेची योग्यता ठरविताना तिच्यातील भयाचे परिमाण गौण ठरते. ते भय कोणत्या जातीचे आहे. ते भोगताना वाचकाबरोबर कोणी आहे काय, कथेत आणि घरातही. ते ओसरल्यावर मागे ज्ञान, चीड वा करुणा यांपैकी काही उरते काय. आणि एका पुस्तकाकडून दुसऱ्याकडे जाताना वाचक वाढतो की नुसता गुंततो, एवढे प्रश्न विचारले पाहिजेत. वयाचा आकडा त्यांना पर्याय होऊ शकत नाही. दहाव्या वर्षी एखाद्याला जे सोसवते, ते चौदाव्या वर्षी दुसऱ्याला सोसवत नाही.

हे प्रश्न मुखपृष्ठ पाहून सुटणारे नाहीत. ज्याला निर्णय द्यावयाचा आहे त्याने ती पुस्तके वाचली पाहिजेत, आणि मुलानेही ती वाचली असतील तर त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. १९५४ च्या साक्षीपुराव्यांत पुष्कळांचे बोल नोंदले गेले; मुलांचे मात्र, नंतर उघड झाले त्याप्रमाणे, बदलून नोंदले गेले. बालवाङ्मयाच्या समीक्षेला आपल्या पूर्वसूरींची ती चूक टाळता आली, तर पुढच्या एखाद्या मालिकेविषयी ती अधिक विश्वासाने बोलू शकेल.